फळ्यावरचे उतरवता येते, मनातले लिहिता येत नाही

शाळेतील लेखन आणि भाषा या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा या अंकात घेतली आहेत. पत्रे बरीच लांब होती, म्हणून प्रश्न तेवढे आटोपशीर करून दिले आहेत.

प्रश्न : पहिलीच्या वर्गात २६ मुले आहेत. दिवाळीपर्यंत सगळी मुळाक्षरे गिरवून झाली, बाराखडी तोंडपाठ आहे. फळ्यावरचा मजकूर मुले सुंदर उतरवतात. पण 'काल काय केलंत ते लिहा' म्हटले की वह्या कोऱ्या. काय कमी पडते आहे?
— शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, अहिल्यानगर जिल्हा

उतरवताना डोळा आणि हात एवढेच काम करतात. स्वतःचे लिहिताना मुलाला वाक्य मनात धरून ठेवावे लागते, त्यातले शब्द सुटे करावे लागतात, शब्दातला एकेक आवाज वेगळा ऐकावा लागतो, त्या आवाजाचे अक्षर आठवावे लागते आणि मग ते काढावे लागते. गिरवण्याने यातली फक्त शेवटची पायरी पक्की होते. उरलेल्या चार पायऱ्यांचा सराव वर्गात झालेलाच नसतो, मग वही कोरी राहणारच.

आधी अक्षरांच्या क्रमाबद्दल. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत जायचे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे, मग शब्द आणि शेवटी वाक्य, या रांगेत मुलाला लिहिण्याजोगे काही हाती लागेपर्यंत अर्धे वर्ष जाते. त्याऐवजी क, म, न, र, ल, आ आणि काना एवढेच घ्या. यात 'काका', 'मामा', 'नाक', 'कान', 'मका', 'रान', 'लाल', 'कमान' असे कितीतरी शब्द होतात आणि 'काल मामा आला' हे पूर्ण वाक्यही होते. दुसऱ्या गटात प, स, त, ब, ई आणि दीर्घ वेलांटी घ्या, म्हणजे 'आई', 'पान', 'साप', 'सात', 'पाटी'तला 'पा' आणि 'काकी'तली 'की' मिळते. ङ आणि ञ यांची पहिलीत कसलीही घाई नाही.

ह्रस्व वेलांटी मुद्दाम उशिरा घ्यावी. ती उच्चारात अक्षरानंतर येते आणि लिहिताना अक्षराच्या आधी. मूल 'दिवस' लिहायला बसते, 'द' काढते, मग त्याला 'इ' ऐकू येते, म्हणून पुढे वेलांटी काढते आणि 'व' लिहिते. झाले 'दविस'. हे मूल ऐकण्यात चुकलेले नाही. त्याने आवाज बरोबर क्रमाने लिहिले आहेत, लिपीचा क्रम वेगळा आहे इतकेच. अशा मुलाला 'दिवस' दहा वेळा लिहायला लावू नये. 'अक्षर काढण्याआधी पूर्ण आवाज म्हण' एवढे सांगावे. 'दि' असे म्हणून झाल्यावरच पेन्सिल टेकवायची.

आवाज सुटे करण्याचा सराव रोज पाच मिनिटे, तोंडीच. एक गोम आहे. 'माकड' म्हणताना टाळ्या दोनच पडतात, 'मा-कड', पण अक्षरे मात्र तीन. 'कमळ'चेही तसेच. म्हणून लिहिण्याआधीच्या खेळात शब्द ताणून 'मा-क-ड' असा म्हणावा आणि टाळी अक्षरागणिक द्यावी, नाहीतर मुले शेवटचे किंवा मधले अक्षर गाळतात.

रोजचे लेखन वीस मिनिटांत बसते. पहिली चार मिनिटे जोडीदाराला कालची एक गोष्ट सांगायची, दोन मिनिटे एकाने आणि दोन दुसऱ्याने. मग त्यातले एकच वाक्य निवडून मोठ्याने म्हणायचे आणि शब्द बोटांवर मोजायचे. 'आमची म्हैस काल व्याली' : चार बोटे. वहीत चार छोट्या आडव्या रेघा मारायच्या, प्रत्येक रेघेवर एक शब्द. जो आवाज लिहिता येत नाही तिथे टिंब. मुलाने 'आमची मैस काल याली' लिहिले तर ते आज बरोबर आहे, कारण 'म्ह' आणि 'व्या' अजून शिकवलेच नाहीत. तुम्ही रोज पाच-सहा मुलांजवळ बसून त्यांच्या वाक्याखाली तेच वाक्य नीट लिहून द्या आणि त्यांच्याकडून वाचून घ्या. आठवड्यात सगळ्या २६ जणांची पाळी येते. सुरुवातीला काही मुले फक्त चित्र काढतील. चित्राखाली एक शब्द पुरे.

'माझी शाळा' हा विषय मात्र पहिलीत देऊ नका. 'माझ्या शाळेचे नाव अमुक आहे, माझी शाळा मला खूप आवडते' ही पाच वाक्ये सगळ्यांना पाठ असतात. ती लिहून घेतली की आपण पुन्हा उतरवण्यावरच येतो.

प्रश्न : चौथीच्या ४६ वह्या तपासताना लाल शाईने पाने भरतात. पुढच्या आठवड्यात त्याच चुका. तपासणे सोडावे का?
— शिक्षक, खाजगी अनुदानित शाळा, सांगली

सोडू नये, पण पद्धत बदलावी. एका वहीला चार मिनिटे धरली तरी ४६ वह्यांना तीन तासांहून जास्त वेळ लागतो, आणि मूल त्या लाल खुणांकडे अर्धा मिनिटही पाहत नाही. ते फक्त शेरा बघते. आठवड्याला बारा वह्या बारकाईने पाहाव्यात, बाकीच्या नुसत्या वाचून सही करावी. महिन्यात प्रत्येकाची एक वही नीट पाहून होते.

बारकाईने म्हणजे कसे? चौथीतल्या लेखनात नेहमी दिसणाऱ्या चुका एकत्र आणून हा नमुना तयार केला आहे :

'रवीवारी मी आणी बहिण आजिच्या गावाला गेलो. तीथे विहिर आहे. विहीरीत पाणि कमी होतं. आजी म्हणाली दुसर्या वर्षी भरेल.'

लाल खुणा नऊ होतील, पण चुका नऊ नाहीत. 'बहिण', 'विहिर', 'विहीरीत', 'तीथे' या चारही एकाच नियमाच्या आहेत. मराठी शब्दाच्या शेवटी नुसते अकारान्त अक्षर असेल तर त्याच्या अलीकडचा इकार-उकार दीर्घ : बहीण, विहीर, फूल, गरीब. शेवटी दुसरा कुठलाही स्वर असेल तर अलीकडचा ह्रस्व : तिथे, विळी, सुरी, किडा. 'विहीर'ला 'ईत' लागून 'विहिरीत' झाले की शेवट बदलला, म्हणून 'हि' ह्रस्व. 'पाणि' आणि 'आजिच्या' या दोन दुसऱ्या नियमाच्या : शेवटचा इकार-उकार दीर्घ, आणि प्रत्यय काढला की 'आजी' दिसते. 'आणि' हा त्या नियमाचा ठरलेला अपवाद. उरले दोन. 'रविवार'मध्ये 'रवि' हा संस्कृत शब्द समासात पहिला आहे म्हणून ह्रस्व राहतो. 'दुसऱ्या' हा उच्चाराचा प्रश्न आहे : 'दर्या' आणि 'दऱ्या' मोठ्याने म्हणून दाखवा, फरक मुलांना लगेच ऐकू येतो.

या वहीत फक्त पहिला नियम धरावा. त्या चार शब्दांच्या ओळीसमोर समासात एक फुली, शब्दाखाली खूण नाही. शब्द मुलाने शोधायचा. बाकीच्या पाच चुकांना या वेळी हात लावू नये. पालक विचारतात, 'बाईंना चुका दिसत नाहीत का?' म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावे की एका वेळी एकाच प्रकारची चूक पाहिली जाईल.

दोन सावधगिऱ्या. पहिला नियम तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांना लागत नाही : गुण, विष, मंदिर, पंडित, कुसुम हे ह्रस्वच. नियम शिकवल्यावर मुले 'गूण' आणि 'मंदीर' लिहू लागतात. ती प्रगतीची खूण समजा आणि तेव्हाच तत्सम शब्दांची वेगळी यादी भिंतीवर लावा, आधी नको. दुसरे, 'होतं', 'केलं' ही रूपे चौथीत अशुद्ध म्हणून खोडू नयेत. संवादात आणि ललित लेखनात ती शुद्धलेखनाच्या नियमांनाही मान्य आहेत. शासनाने १९६२ साली स्वीकारलेले चौदा आणि नंतर भर पडलेले चार असे अठरा नियम आहेत. शिक्षकाने ते एकदा स्वतः शांतपणे वाचावेत. निम्म्या भांडणांचे मूळ ते न वाचण्यात असते.

शब्द दहादा लिहायला लावण्याच्या शिक्षेबद्दल : तिसऱ्या ओळीपासून मूल शब्द लिहीतच नाही, आधी सगळे 'वि', मग सगळे 'ही', मग सगळे 'र' असे उभे रकाने भरते. कुठल्याही वर्गात पाहा.

प्रश्न : वर्गातली बरीच मुले घरी अहिराणी बोलतात. वहीत 'माले', 'डोया', 'पानी' येते. बदली होऊन मेळघाटात गेलेल्या सहकाऱ्याला कोरकू मुलांबाबत हीच अडचण आहे. उपाय एकच का?
— शिक्षक, धुळे जिल्हा

एकच नाही, कारण अडचण एक नाही. अहिराणी आणि पुस्तकी मराठी या जवळच्या आहेत आणि त्यांच्यातले फरक ठरावीक आहेत : 'ळ'च्या जागी 'य', 'ण'च्या जागी 'न', 'मला'ऐवजी 'माले'. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिचा शब्दसंग्रह आणि व्याकरण दोन्ही वेगळी. त्या मुलाला मराठी ही सर्वस्वी दुसरी भाषा म्हणून शिकायची असते.

तुमच्या वर्गात पहिला खर्डा अहिराणीतच लिहू द्या. मग फळ्यावर दोन रकाने : 'घरी म्हणतो' आणि 'पुस्तकात लिहितो'. डोया–डोळा, काया–काळा असे शब्द मुलांनीच सांगायचे. वीसेक जोड्या झाल्या की नियम मुले स्वतःच सांगतात. त्यानंतर तोच मजकूर दुसऱ्या रकान्याच्या भाषेत लिहायचा. 'अशुद्ध', 'गावठी' हे शब्द वर्गात नकोत. त्यांनी भाषा सुधारत नाही, मूल बोलायचे थांबते, आणि न बोलणाऱ्या मुलाकडून लेखन काढणे फार जड जाते. एक चूक उलट बाजूनेही होते. 'ळ' शिकल्यावर मुले 'गाय'चीही 'गाळ' करतात. तेव्हा य असलेले मराठी शब्द पुन्हा तोंडी घ्या.

कोरकूच्या वर्गात सुरुवात लेखनाने करू नये. पहिले काही महिने कृतीतून मराठी ऐकवायची : 'उठा', 'दार लावा', 'लाल दगड आणा', म्हणताना स्वतः करून दाखवायचे. मुलाने उत्तर कृतीने दिले तरी चालते. त्याच काळात अक्षरओळख कोरकू शब्दांवरून देवनागरीतच करावी. गावातले कोणी मदतीला घेतल्याशिवाय हे होत नाही. अक्षर म्हणजे आवाज ही समज एकदा ओळखीच्या भाषेत आली की ती मराठीकडे सहज नेता येते. अनोळखी शब्दांवर अनोळखी अक्षरे शिकवली की मुले न समजता घडाघडा वाचतात, आणि तपासायला आलेल्या माणसाची तेवढ्यावर फसगत होते.

प्रश्न : अध्यापक विद्यालयात लेखनाची 'प्रक्रिया पद्धत' आणि 'नमुना पद्धत' अशा दोन वेगळ्या शिकवल्या. सहावीच्या वर्गात कोणती वापरावी?
— छात्राध्यापिका, नागपूर

पहिलीचा जोर खर्डा करणे, दुसऱ्याला दाखवणे, पुन्हा लिहिणे यावर. ती अमेरिकेत १९७०च्या दशकापासून रुजली. दुसरी ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात पुढे आली. तिचे म्हणणे असे की तक्रार, बातमी, कृती या प्रत्येक लेखनप्रकाराची घडण मुलांना उघड करून दाखवली पाहिजे, नाहीतर घरी पुस्तके असलेलीच मुले पुढे जातात. हा आक्षेप आम्हाला पटतो. पण वर्गात दोन्ही एकामागे एक सहज बसतात.

पाच तासिकांचे उदाहरण घ्या. विषय : 'सायकलची उतरलेली चेन कशी चढवावी'. पहिल्या तासाला अशाच एखाद्या कृतीचा छापील नमुना वाचा आणि मुलांकडून काढून घ्या : साहित्य आधी, पायऱ्या क्रमाने, क्रियापदे 'करा', 'धरा' अशी आज्ञार्थी. दुसऱ्या तासाला सगळ्यांनी मिळून फळ्यावर एक वेगळी कृती लिहायची. वाक्ये मुलांची, खडू तुमचा. तिसऱ्या तासाला प्रत्येकाचा खर्डा, एक ओळ सोडून.

खरी गंमत चौथ्या तासाला. वर्गात एक सायकल आणा. एकाचा खर्डा दुसऱ्याने मोठ्याने वाचायचा आणि तिसऱ्याने लिहिले आहे तेवढेच करायचे. 'चेन लावा आणि पायडल फिरवा' हे वाक्य तिथेच अडकते. कशावर लावा? आधी मागच्या दातेरी चाकावर की पुढच्या? पायडल पुढे की मागे? 'ते त्याच्यात अडकवा' यातले 'ते' कोणते? लिहिणाऱ्याला काय सुटले ते शिक्षकाने सांगावे लागत नाही. मोकळ्या ओळीत तो स्वतः भर घालतो. पाचव्या तासाला पक्की प्रत, आणि शुद्धलेखन फक्त या तासाला.

पुनर्लेखन म्हणजे स्वच्छ अक्षरात तेच पुन्हा, असा मुलांचा समज असतो. म्हणून पक्क्या प्रतीसोबत खर्डा जोडायला सांगा आणि बदलासाठी दोन गुण ठेवा. खर्डा आणि प्रत सारखीच असेल तर ते दोन गुण नाहीत, अक्षर कितीही वळणदार असो.

प्रश्न : मुलगा दहावीला. निबंध गाइडमधून पाठ करतो. घटक चाचणीत आठापैकी तीन-चार गुण मिळतात. काय करून घ्यावे?
— पालक, ठाणे

नुसत्या निबंधाकडे पाहू नका. प्रथम भाषा मराठीच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत : पत्र किंवा सारांश ६, जाहिरात, बातमी आणि कथा यांपैकी दोन मिळून १० आणि निबंधवजा लेखन ८. तीन तासांच्या हिशेबाने आठ गुणांना अठरा मिनिटे येतात. तीन मिनिटे आराखडा, बारा लेखन, तीन वाचून पाहणे, असा घड्याळ लावून सराव करा.

पत्रात गुण जातात ते बहुधा नाव-पत्त्यावर : प्रश्नात दिलेल्या व्यक्तीऐवजी मुलगा स्वतःचे नाव लिहितो, किंवा विनंतीच्या पत्रात मागणीची वाक्ये घालतो. बातमीत प्रश्नातल्या निमंत्रणावरून 'कार्यक्रम होणार आहे' असे लिहिले जाते. बातमी कार्यक्रम झाल्यानंतरची असते, भूतकाळात आणि तृतीय पुरुषी. 'आम्हाला खूप आनंद झाला' तिथे चालत नाही.

निबंधाबाबत : पाठ केलेला पावसाळा सगळ्यांचा सारखाच असतो. रिमझिम, इंद्रधनुष्य, थुईथुई नाचणारा मोर. ठाण्यात राहणाऱ्या मुलाच्या निबंधात मोर आला की परीक्षक पुढचे वाचत नाही, नजर फिरवतो. सरावासाठी विषय अरुंद करा : पावसातला एक तास, एक जागा. स्टेशनचा पूल, बंद पडलेली लोकल, छत्र्यांचे पाणी कोणाच्या पाठीवर पडते. अशा दहा नोंदी आधी, त्यातल्या पाच निवडून निबंध. सुविचाराने सुरुवात आठवडाभर बंद ठेवा. सुरुवातीला मुलगा चिडेल.

प्रश्न : आमची नऊ वर्षांची मुलगी अमेरिकेत वाढते आहे. मराठी छान बोलते, वाचन-लेखन इंग्रजीतच. रविवारच्या मराठी शाळेत दोन तास मिळतात. घरी काय करावे?
— पालक, न्यू जर्सी

बोलता येते म्हणजे अवघड भाग झाला आहे. शब्दांच्या याद्या नकोत. दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक, इंग्रजी वाचणाऱ्या मुलांना स्वर म्हणजे स्वतंत्र अक्षर वाटते, म्हणून ती 'का'साठी 'कआ' लिहितात. सुटा 'क' शिकवून नंतर काना जोडण्याऐवजी 'का, की, के, को' हे पूर्ण तुकडे पत्त्यांवर लिहून शब्द जुळवायला द्या. दुसरे, कानाचे : त–ट, द–ड, न–ण, ल–ळ. 'ताक–टाक', 'वात–वाट', 'मन–मण', 'काल–काळ' यांतला कोणता शब्द म्हटला ते आधी बोट दाखवून ओळखू द्या, लिहिणे त्यानंतर.

रोमन लिपीतून मराठी उमटवणारा कीबोर्ड सध्या टाळा. शुद्धलेखन तोच करतो, मुलगी फक्त सुचवलेल्या शब्दांतून निवडते. हाताने लिहिणे आणि त्याला जोड म्हणून इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठीचा प्रमाण कीबोर्ड चांगला. त्यात 'द' दाबून मग ह्रस्व वेलांटी दाबायची असते, म्हणजे आवाजाच्याच क्रमाने, आणि वेलांटी आपोआप अलीकडे जाऊन बसते. वही घेताना चाररेघी नको, दुरेघी घ्या : देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लटकते, खालच्या रेघेवर बसत नाही. शिरोरेघ पूर्ण शब्द झाल्यावर, डावीकडून उजवीकडे, पण 'ध' आणि 'भ' यांच्यावर तुटक. सरळ ओढली की 'धर'चे 'घर' होते आणि 'भात'चे 'मात'. शब्द वाचून दाखवायला सांगितला की मुलीला ते लगेच कळेल.